ट्रेलरवरची छोटी बोट तळाच्या कामासाठी खाली कशी घ्यावी? (क्रेन नाही)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. १६ फुटी फायबरची उघडी बोट ट्रेलरवरून उतरवून दोन-तीन आठवडे टेकूंवर ठेवायची आहे. क्रेन आत येईल एवढा रस्ता नाही.

बोटीला ४० अश्वशक्तीचं बाहेरचं इंजिन आहे. ट्रेलर एका ॲक्सलचा, रोलर नाहीत, गालिचा मारलेल्या दोन लांब फळ्यांवर बोट बसते. जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) उडालाय तो नेमका त्या फळ्यांखाली आणि पठाणाच्या (तळाच्या मधल्या धारेच्या) कडेला, म्हणजे ट्रेलरवर असताना ब्रशसुद्धा पोचत नाही. जागा म्हणजे घराचं अंगण. मागे दोन माड, एका अंगाला चिऱ्याचा गडगा, पुढे गेटपर्यंत २० फूट मोकळं. हाताशी दोन टनी बाटली जॅक दोन, जांभा चिरे हवे तेवढे, माणसं चार.

डोक्यातला बेत असा: मागेपुढे जॅक लावून उचलायची, खाली चिरे रचायचे, ट्रेलर ओढून काढायचा. कुठे चुकतंय ते सांगा. पाऊस लागायच्या आत काम उरकायचंय.

वंगण
चुकतंय ते "जॅक लावून उचलायची" इथेच. बाटली जॅकचं डोकं रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. तुमच्या तळाची जाडी मोकळ्या भागात पाच-सहा मिलिमीटर असेल. दोनशे किलो त्या डोक्यावर आले की जेलकोटला चांदणीसारखी चीर जाते, आणि आतला थर सुटला तर बाहेरून दिसतही नाही. जॅक आणि तळ यांच्यामध्ये किमान एक फूट चौरस, १८ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर जुना गालिचा हवा. तोही पठाणाखाली किंवा आत जिथे आडवा विभाजक आहे तिथेच. बोटीवर मुठीने ठोकत जा. पोकळ आवाज तिथे टेकू नाही, भरीव आवाज तिथे टेकू.

दुसरं म्हणजे जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. सील जुनं असेल तर रात्रभरात बोटभर खाली येतो, तेही एकाच बाजूने.

शिडाची_दोरी
आंब्याच्या जाड फांदीला चेन ब्लॉक लावून पुढचं टोक उचललं तर? बऱ्याच ठिकाणी इंजिन असंच काढतात.

तिरफळ
आंब्याच्या झाडाक आंबे टांगतत, बोट टांगूची नसता. :)

वंगण
तिरफळ +१. इंजिन ७०-७५ किलोचं आणि काम पाच मिनिटांचं. बोटीच्या नुसत्या पुढच्या टोकाचं वजन तिप्पट, आणि फांदीवर ते हेलकावे खात राहणार. आंब्याचं लाकूड आतून पोखरलेलं असलं तरी साल धड दिसते. शिवाय फांदी बरोबर बोटीच्या मध्यरेषेवर असेल तर तो योगायोगच समजायचा.

लाटेवरची
आधी वजन काढा, मग साधनं ठरवा. अंदाजाने "चारशे किलो असेल" म्हणणारी बोट काट्यावर सहाशे भरते. सगळ्यात सोपं म्हणजे ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या आणि त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करा. ते ट्रेलरच्या पट्टीवर कोरलेलं असतं.

मग हलकं करा. पेट्रोल २५ लिटर म्हणजे साधारण १८ किलो, बॅटरी तेवढीच, नांगर आणि साखळी १५. पण मोठी गोष्ट इंजिन. समजा इंजिन आणि सुटं सामान काढून बोट ४६० किलो, गुरुत्वमध्य बोटीच्या मागच्या फळीपासून (जिला इंजिन लावतात) २ मीटरवर. मागचा टेकू फळीच्या पुढे ०.३ मीटरवर आणि पुढचा ३.६ मीटरवर ठेवला, तर पुढे सुमारे २३७ आणि मागे २२३ किलो येतात. जवळजवळ निम्मे-निम्मे. आता ७४ किलोचं इंजिन तसंच लटकत ठेवा. ते मागच्या टेकूच्याही मागे आहे, म्हणून तराफ्यासारखं वागतं. मागे ३०८ होतात आणि पुढचे ११ किलो कमी होतात. नाळ (बोटीचं पुढचं टोक) हलकी झाली म्हणजे कोणी आत चढून मागे गेलं की नाळ टेकूवरून उठते.

इंजिन काढा. दोन माणसांचं काम आहे, चार बोल्ट. आणि पाणी काढायचं बूच उघडून ठेवा.

तळाखाली फोम भरलेला असेल तर मात्र हिशेबावर विसंबू नका. भिजलेला फोम पाणी सोडत नाही आणि ते वजन कुठे साठलंय तेही कळत नाही. काट्यावरचा आकडा अपेक्षेपेक्षा शंभर किलोंनी जास्त आला तर कारण बहुतेक तेच.

बारक्या_होडीवाला
तराफ्यासारखं नाही हो, तरफेसारखं. तराफा तरंगतो. :D

लाटेवरची
तरफ. हात जोडले.

पाचर
धागाकर्ते, तुमचा मूळ बेत उलटा करा. बोट वर उचलायचीच नाही. तिला टेकूवर बसवायची आणि ट्रेलर खालून काढायचा. जॅकचं काम ट्रेलरच करतो.

ट्रेलर म्हणजे ॲक्सलवर डुलणारी फळी. पुढचं टोक, म्हणजे गाडीला जोडतात ते, ॲक्सलपासून साधारण ३ मीटरवर, मागचं टोक १.२ ते १.४ मीटरवर. पुढचं टोक ३० सेंटिमीटर खाली केलं की मागचं १२ ते १४ वर येतं. या एका हालचालीवर सगळं काम होतं.

जमीन सपाट आणि कठीण बघा. ट्रेलर गेटच्या दिशेने सरळ उभा करा, चाकांना पुढून-मागून पाचरी. जमिनीवर लाइनदोरी धरून मध्यरेषा आणि दोन्ही चाकांच्या रेषा चुन्याने आखा. परत चढवताना याच रेषा कामाला येतात, नाहीतर तासभर "डावीकडे, नाही उजवीकडे" चालतं.

तुमच्या ट्रेलरवर फळ्यांची टोकं बोटीच्या मागच्या फळीशी जवळजवळ बरोबरीला असणार, म्हणजे मागे टेकू घालायला जागाच नाही. म्हणून आधी फळ्यांवर पाणी आणि भांड्यांचा साबण ओता, पुढचं टोक थोडं वर घ्या आणि विंचचा (ट्रेलरच्या पुढच्या हातचरखीचा) पट्टा हळूहळू सोडत बोट ४० सेंटिमीटर मागे सरकू द्या. पट्टा विंचवरच राहिला पाहिजे, हाताने धरायचा नाही. आता मागचा भाग ट्रेलरच्या बाहेर आला.

पुढचं टोक खाली करा, मागचं वर येईल. मागच्या फळीच्या लगेच पुढे पठाणाखाली लाकडाची रास रचा. चार इंच चौरस, दोन फूट लांब ठोकळे, एक थर आडवा आणि एक उभा. वर गालिच्याचा तुकडा. दोन्ही कडांना एकेक धिरा (तोल धरणारा बाजूचा टेकू). आता पुढचं टोक हळू वर घ्या. ट्रेलरचा मागचा भाग खाली जाईल आणि बोटीची मागची बाजू राशीवर बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या दोन्ही कड्यांमधून दोरी काढून ती तुमच्या माडांना बांधा, बोटीच्या उंचीलाच, वीतभरही ढील न ठेवता. मग विंचचा पट्टा सोडा. ट्रेलर पुढे ओढला की फळ्यांवरचा गालिचा बोटीलाही पुढे ओढतो, शंभर किलोच्या आसपास जोर सहज येतो. दोरी नसेल तर बोट पुढे जाते, मागची रास आडवी होते आणि मागची फळी जमिनीवर आपटते. या पद्धतीत बोटी पडतात त्या बहुतेक याच क्षणी.

ट्रेलर अर्धा-पाऊण मीटर पुढे. पाचरी मारा. ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीच्या मागे जी नवी जागा झाली तिथे पठाणाखाली दुसरी रास. पुन्हा पुढे, पुन्हा पाचरी. असं करत फळ्यांची टोकं मागच्या फळीपासून पावणेचार मीटरवर पोचली की शेवटची रास ३.६ मीटरवर घाला, पुढचं टोक वर सोडा, नाळ राशीवर बसेल आणि ट्रेलर मोकळा. टेकू नेहमी ट्रेलरच्या मागेच पडत गेल्यामुळे चाकं किंवा मडगार्ड कशालाच अडकत नाहीत.

वंगण
उत्तम. एक भर. ट्रेलर पुढे जातो तसं बोटीचं वजन ॲक्सलच्या मागे येतं आणि पुढचं टोक अचानक उसळतं. शेवटच्या टप्प्यात नाळेचे २३७ किलो ॲक्सलच्या १.२ मीटर मागे, म्हणजे ३ मीटरवरच्या टोकाला साधारण ९५ किलोचा वरचा जोर. ट्रेलरचं स्वतःचं टोक ३० किलो धरलं तरी ६५ उरले. वाळूची ५० किलोची दोन पोती टोकावर बांधा, किंवा गाडीला जोडूनच ठेवा. टोकावर माणूस बसवू नका. उसळलं की तो हनुवटीवर घेतो.

पाचर
बरोबर, ते राहिलंच. गाडीला जोडलं असेल तर टोक वरखाली करता येत नाही, म्हणून पोती बरी. शेवटी "टोक वर सोडा" म्हटलंय तेव्हा एकेक पोतं उतरवा, दोन्ही एकदम नको. आणि गाडीच्या क्लचवर ट्रेलर ओढू नका. हाताचा पुलर लावा, एका खटक्याला एक इंच येतो आणि थांबा म्हटलं की थांबतो.

खाडीकाठ
पाचर, वंगण, खूप आभार. हे डोक्यात आलंच नव्हतं. दोन प्रश्न. पहिला, ठोकळ्यांऐवजी चिरे चालतील का? अंगणात शंभरेक पडलेत. दुसरा, ट्रेलरची उंची जेमतेम अर्धा मीटर आहे. एवढ्यात तळाखाली काम होईल?

पाचर
चिरे नाही. सिमेंटचे पोकळ ठोकळे तर मुळीच नाही.

चिरेबंदी
असं सरसकट नको. कोकणातली अर्धी घरं चिऱ्यावर उभी आहेत. चांगल्या चिऱ्याची ताकद चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन धरतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पस्तीसेक किलो. पस्तीस बाय वीस सेंटिमीटरचा चिरा पूर्ण तोंडावर दाबला तर हिशेबाने चोवीस टन. तुमची बोट अर्धा टनसुद्धा नाही.

पाचर
हिशेब बरोबर, पण "पूर्ण तोंडावर" हे शब्द परत वाचा. भिंतीत चिऱ्याला चहूबाजूंनी चुना-सिमेंट धरून असतं आणि वजन सपाट येतं. इथे वर पठाणाची दोन इंचांची धार, खाली ओबडधोबड अंगण, मध्ये एकावर एक सुटे चिरे. वजन कोपऱ्यावर येतं, कोपरा ढासळतो, वरचा कलतो. लाकूड आधी करकरतं, मग दबतं, तुम्हाला निघायला वेळ देतं. चिरा आणि सिमेंटचा ठोकळा आवाज न करता फुटतात. त्यात पावसात भिजलेला चिरा आणखी भुसभुशीत.

चिरेबंदी
मान्य. मग तडजोड: चिरा सगळ्यात खाली, जमिनीवर एकच थर, आडवा झोपवलेला, त्यावर दोन इंची फळी आणि फळीपासून वर फक्त लाकूड. पायाला चिरा उत्तमच आहे, मातीत रुतत नाही.

पाचर
हे चालेल. खाणीतून ताजा काढलेला नको, ऊन-पाऊस खाल्लेला जुना घ्या, तो कडक झालेला असतो.

उंचीबद्दल: पाठीवर झोपून खरवडायला अर्धा मीटर पुरतो, हात पूर्ण लांबवून ग्राइंडर चालवायला नाही. पाऊण मीटर हवा. एकदा बोट राशींवर बसली की मग तुमचे बाटली जॅक काढा. एका वेळी एकच टोक, एका वेळी एकच थर. पाच सेंटिमीटर उचला, तेवढ्यात बसेल असा पातळ थर सरकवा, जॅक सोडा, मग दुसरं टोक. दोन्ही टोकं एकदम जॅकवर कधीही नकोत. राशीची उंची तिच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा कमीच ठेवा. दोन फूट रुंद राशीवर अडीच फूट म्हणजे निवांत.

देवगड_बंदर
लाकूड कसलं? माडाचे ओंडके फुकट मिळतात.

पाचर
माड बाहेरून लोखंड, आतून भुसा. फिरवायला रोलर म्हणून ठीक. चिरून ठोकळा केला तर गाभ्याकडची बाजू दबते. सुरूचा ओंडका चांगला, पण गोल लाकूड राशीत घालायचंच नाही, दोन बाजू तासून सपाट करून घ्या. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर याहून चांगलं काही नाही, फक्त उचलताना कंबर सांभाळा. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड पाचरींना, राशीला नाही.

नवखा_खलाशी
मध्येच विचारतो, पठाण म्हणजे नक्की काय? इकडे कोणी कील म्हणतं, कोणी कणा.

तिरफळ
पठाण म्हणजेच कील. लाकडी होडी बांधताना पहिलं लाकूड बसवतात ते, सगळी होडी त्याच्यावर उभी. फायबरच्या बोटीत वेगळं लाकूड नसता, साच्यातच धार काढलेली असता. नाव तां तसाच रवला.

लाटेवरची
म्हणूनच वजन पठाणावर आणि धिरे फक्त तोलाला. लोक नेमकं उलटं करतात. धिऱ्याखाली पाचर ठोकत बसतात, शेवटी बोट धिऱ्यांवर आणि पठाण हवेत. पाचर हाताने दाबून घट्ट बसेल एवढीच, घणाचा एकही घाव नको. खूण म्हणजे पठाणाखालचा गालिचा हाताने ओढून पाहा. सरकला तर धिरे जास्त ठोकलेत.

तळ चुकीच्या जागी दाबून महिनाभर राहिला, त्यात मेचं ऊन, तर आकार बदलतो. मागच्या दोन मीटरांत आत खळगा पडला तर बोट वेगात नाळ खाली घालते, बाहेर फुगा आला तर नाळ टपटप आपटत राहते. मग लोक इंजिनाचा कोन आणि पंखा बदलत बसतात.

शिडाची_दोरी
धिरे निसटू नयेत म्हणून?

वंगण
डावा धिरा आणि उजवा धिरा खालून साखळीने किंवा न ताणणाऱ्या दोरीने एकमेकांना बांधा. बोट एका बाजूला रेलली की तो धिरा बाहेर घसरायला बघतो, साखळी त्याला धरते. १६ फुटांना दोन जोड्या पुरेत.

आणि ताडपत्री धिऱ्यांना बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री फुगली की धिरा ओढून नेते. ताडपत्री बोटीच्या पोटाखालून स्वतःलाच बांधायची किंवा जमिनीत मेखा ठोकून त्यांना.

देवगड_बंदर
तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मे महिन्याच्या मध्याला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, निसर्ग २०२० च्या ३ जूनला रायगडला धडकलं. दोन्ही याच दिवसांतली. मेअखेरीला बोट टेकूंवर असेल तर माडाच्या दोऱ्या काम होईपर्यंत सोडू नका. आणि माडाखाली बोट म्हणजे नारळाखाली बोट, तेही बघा.

खाडीकाठ
नारळ कालच उतरवून घेतलेत. :)

हायड्रा_हवा
एवढी कसरत कशाला? रस्त्यावर हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) बोलवा, दोन बेल्ट, दहा मिनिटं.

लाटेवरची
रस्ता असेल तर नक्की. पण तीच दहा मिनिटं सगळ्यात महाग पडू शकतात. पॉलिएस्टरचे रुंद बेल्टच घ्या, तारेचा दोर किंवा साखळी फायबरला कापते. जांभळा बेल्ट एक टनाचा, हिरवा दोनचा, पिवळा तीनचा. शिवणीजवळ पट्टी असते, तिच्यावरचा आकडा वाचता येत नसेल तर तो बेल्ट परत पाठवा.

कोन बघा. एका बेल्टवर २७५ किलो असतील तर सरळ उभ्या टोकांवर प्रत्येकी १३८. टोकं आडव्या रेषेशी ६० अंशांवर झुकली तर प्रत्येकी १५९. ३० अंशांवर आली तर प्रत्येकी २७५, आणि त्यातले २३८ किलो बोटीच्या कडा आत चेपण्यात जातात. बेल्ट टिकतो, बोटीची कड मोडते. म्हणून बेल्ट लांब घ्या आणि दोन्ही कडांच्या वर, बोटीच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब अशी आडवी बल्ली घाला. पुढचा बेल्ट नाळेच्या उतारावर पुढे सरकतो, म्हणून दोन्ही बेल्ट दोरीने एकमेकांना बांधून ठेवा. नाळेची कडी ओढण्यासाठी असते, उचलण्यासाठी नसते. मागच्या कड्यांच्या आत पत्रा लावलेला नसेल तर त्या स्क्रूसकट हातात येतात.

वंगण
आणि जेसीबीच्या दाताला बेल्ट अडकवणाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवा. दात म्हणजे हूक नव्हे. बकेट जरा कलली की बेल्ट घसरतो.

बारक्या_होडीवाला
मला वाटतं सगळे एक गोष्ट विसरताय. काम तळाचं आहे तर बोट उलटी का करत नाही? वरच्या दिशेने फायबर मारणं हा छळ आहे. राळ (रेझिन) कोपरापर्यंत ओघळते, फायबरची चटई सुटून तोंडावर पडते. उलटी बोट म्हणजे टेबलावर काम.

पाचर
१०-१२ फुटी, दीडशे किलोपर्यंतच्या होडीला एकदम मान्य. सहा माणसं आणि खाली चार जुने टायर. आधी कडेवर उभी, थांबायचं, तीन माणसांनी पलीकडे जायचं, मग उतरवायची. एका दमात पलटी मारायची नाही. ४६० किलोच्या बोटीला मात्र नको. कडेवर उभी असताना सगळं वजन एका कडेच्या मधल्या दोन-तीन फुटांवर येतं आणि सांधा उघडतो. स्टिअरिंगचा खांब, काच, सगळं काढावं लागेल ते वेगळंच.

बारक्या_होडीवाला
मग निदान वीस-पंचवीस अंश कलती करा. एका बाजूचे धिरे बुटके, दुसऱ्या बाजूचे उंच, एका वेळी अर्धा तळ.

पाचर
पंधरापर्यंत ठीक, पण मग वाळूची पोती वापरा, धिरे नकोत. पोतं तळाचा आकार घेतं. पठाणाच्या राशी जागच्या जागीच राहतील.

देवगड_बंदर
खाडीत सोय असेल तर जुनीच पद्धत: उधाणाच्या भरतीला बोट हवी तिथे तरंगत न्यायची, खाली आधीच मांडलेल्या पोत्यांवर ओहोटीत आपोआप बसते. वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणा, चतुर्थीला तीन वाजता भरती. ढोबळ आहे, दिवस ठरवायला पुरतं, मग भरतीचं कोष्टक बघायचंच.

लाटेवरची
शेवाळ आणि कालवं खरवडायला छान. फायबरला नाही. चार-पाच तासांनी पाणी परत येतं, आणि धागाकर्त्यांना दोन-तीन आठवडे हवेत. शिवाय खारं पाणी आटलं तरी मीठ राहतं, त्यावर राळ धरत नाही.

तळाबद्दल एवढंच. गोड्या पाण्याने धुवा, मग एक फूट चौरस प्लास्टिक चहूबाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर तळ ओला आहे, जेलकोट मारू नका. कोकणात मे महिन्यात हे दव बहुतेकदा दिसतंच. नुसते ओरखडे असतील तर आता भरा. फोड आले असतील तर आता फक्त ते उघडा आणि भरणं दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा.

वंगण
आणि राळ कालवताना कोबाल्ट (राळ लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट राळेत पूर्ण ढवळा, मग हार्डनर, एक ते दोन टक्के. मेच्या उन्हात एकच टक्का, नाहीतर डबा हातात तापतो. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नका.

नवखा_खलाशी
तळाला शेवाळ-रोधक रंगपण मारून घ्यावा का, एवढी उतरवलीच आहे तर?

लाटेवरची
ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला गरज नाही. तो रंग सतत पाण्यात राहणाऱ्या तळासाठी. इथे पहिल्याच महिन्यात ट्रेलरच्या फळ्यांवर पुसला जाईल.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. आता बेत असा: आधी वजनकाटा. इंजिन, बॅटरी, पेट्रोल, नांगर बाहेर, बूच उघडं. बोट ४० सेंटिमीटर मागे, मागची रास, दोन्ही माडांना दोरी, मग विंच मोकळी. टोकावर दोन पोती, पुलरने ट्रेलर पुढे. शेवटची रास ३.६ मीटरवर. जुन्या चिऱ्याचा एकच थर पायाला, वर सगळं लाकूड. मग जॅकने एकेक थर करत पाऊण मीटर. धिऱ्यांना साखळी. ओरखडे आता, फोड निघाले तर दिवाळीनंतर. ट्रेलर रिकामा झाल्यावर फळ्यांचा गालिचाही बदलेन.

पाचर
नीट आहे. दोन गोष्टी. राशींच्या खालचा तळ रंगवायचा राहतो, म्हणून प्रत्येक राशीशेजारी एक हात अंतरावर दुसरी रास रचायची जागा ठेवा. अर्धं काम वाळलं की नवी रास आधी घट्ट करायची, मग जुनी काढायची. उलट क्रमाने नाही.

गालिचा बदलताना फळ्यांचे स्क्रू बघा. डोकं गालिच्याच्या वर आलेलं असेल तर जेलकोट त्यानेच खाल्लाय. स्टेनलेसचे घ्या आणि डोकं लाकडात पाव इंच बुडवा.

खाडीकाठ
आत्ताच टॉर्च घेऊन खाली बघितलं. डाव्या फळीचे तीन स्क्रू वर आलेत, तळावरचे ओरखडे बरोबर त्यांच्याच रेषेत.

तिरफळ
मगे आधी ते काढ. नायतर परत चडवताना नव्या जेलकोटार पयलो ओरखडो तेंचोच.